देव उजव्या हाताला

श्रावणात आमच्या घरी सण नसायचा, फुलं असायची. मखमलाबादच्या शिवारात वाट्यानं केलेला जमिनीचा एक तुकडा, त्यात झेंडू, गलांडा, थोडी गुलछडी, बांधाला एक बेलाचं झाड. साऱ्या नाशिकच्या पूजा आणि मंगळागौरी आमच्या पाठीवरून जायच्या. उजाडायच्या आत फुलं खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, वडिलांच्या सायकलला बांधायची आणि दिवस वर यायच्या आत बाजार गाठायचा. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. पाऊस जास्त झाला की झेंडू झाडावरच काळा पडायचा. मग तो आठवडाभर भाकरी आणि ठेचा. आई शेजारणीला सांगायची, "भाजी आणायला वेळच नाय झाला बघा." शेजारीणही मान हलवायची. खरं कारण दोघींना ठाऊक असायचं.

फूल आज आलं की आजच खुडायचं. उद्या ते फूल राहत नाही, कचरा होतो. आई या रोजच्या 'आज'मध्ये अडकलेली होती. माहेरी गेली तरी दुपारच्या गाडीनं परत. भावाच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या निघाली, जेवायलाही थांबली नाही, असं मामा अजून बोलून दाखवतो.

त्यात तिसरा श्रावणी सोमवार म्हणजे कहरच. त्या दिवशी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते. माणसांचा लोंढा अनवाणी पायांनी त्या अख्ख्या डोंगराला वळसा घालतो, डोंगर उजव्या हाताला ठेवून. आई सीबीएसवर, म्हणजे गावातल्या मोठ्या एसटी स्टँडवर, त्र्यंबकच्या गाड्या लागतात तिथं बेल-फुलांच्या पुड्या घेऊन बसायची. मी शेजारी. गाडीत चढणाऱ्या माणसाच्या हातात पुडी देताना ती म्हणायची, "जाऊन या. माझा बी नमस्कार सांगा." त्र्यंबक आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर. लोकांच्या हाती तिनं जन्मभर नमस्कार धाडले. स्वतः कधी गेली नव्हती.

आज पुन्हा तिसरा सोमवार आहे. सकाळपासून त्र्यंबक रोडनं भरलेल्या गाड्या चालल्यात. पोरांचे घोळके माझ्या खिडकीखालून आरडाओरडा करत जातायत. कोपऱ्यावर लग्नाच्या वरातीचा घोडा पाळणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या तबेल्यातून लिदीचा दमट वास येतो आणि त्यात समोरच्या देवळातल्या वाती-उदबत्त्यांचा धूर मिसळतो. इतरांना या वासानं काय होतं मला माहीत नाही.  मी त्या वासासरशी व्हिएन्नाला जाऊन पोचते. ऑस्ट्रियाची जुनी राजधानी, गावाच्या मधोमध एक काळं, प्रचंड चर्च, त्याच्या कडेला घोडागाड्या उभ्या. माझ्या हातात आईच्या चपला आहेत. आणि आई नाही.

पण त्या चपलांपर्यंत येण्याआधी पदवीचं सांगायला हवं, कारण सगळं सुरू झालं ते तिथून.

नव्वदच्या दशकात आमच्या आळीत मुलगी बारावी झाली की पाहुणे यायला लागायचे. मला कॉलेजला घातलं ते आईनं, भांडून. सकाळी फुलं खुडून मी थेट वर्गात जायची. झेंडूचा रस बोटांवरून सहज जात नाही; काळपट हिरवी बोटं घेऊन मी इतिहासाच्या नोट्स लिहिल्या. पहिल्या वर्षी बाकावरची एक मुलगी नाक मुरडून म्हणाली, "तुझ्या अंगाला ना, देव्हाऱ्याचा वास येतो."

मी म्हटलं, "येणारच. तुमच्या देव्हाऱ्यात जातात ती फुलं आमच्या घरून येतात."

तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलायची.

आईला बी.ए. वगैरे शब्द जड जायचे. तिच्या लेखी ती 'पंधरावी'. बारावीचा निकाल लागला त्या दिवशीच ती तुळशीसमोर उभी राहून बोलली होती, की पोरगी पंधरावी झाली तर ब्रह्मगिरीची फेरी करीन. मी पंधरावी झाले, तीही पहिल्या वर्गात. आमच्या घरात, चुलत्यांच्या घरात, मामांकडे, कुठंच तोवर कुणी झालं नव्हतं. नानांनी पेढे वाटले. आई हात पुसत पुसत म्हणाली, "आता माझी फेरी लागली."

त्या श्रावणात फेरीच्या आदल्या रात्री इतका पाऊस झाला की सकाळी वावरात उभं राहता येईना, आणि तरी जी फुलं हाती लागली त्यांना बाजारात मागणी. फेरी राहिली. पुढच्या श्रावणात माझ्या भावाची बायको बाळंतपणाला. राहिली. त्याच्या पुढच्या श्रावणात नाना सायकलसकट पुलाजवळ पडले आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला. दवाखान्याच्या बाकावर आई रडली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "फेरी राहिलीय ना."

मला संताप आला. मी तोडून बोलले, "आई, पास मी झाले ती माझ्या अभ्यासानं. देवानं माझे पेपर लिहिले नाहीत."

"तुझं तू केलंस," ती शांतपणे म्हणाली. "मी माझं बोलले व्हते ना? बोललेलं राहिलं."

मी उठून नानांच्या खाटेकडे गेले. त्यानंतर घरात काही वाकडं झालं, गारा पडल्या, म्हैस दगावली, माझं एक जमलेलं लग्न मोडलं, की आई एक शब्द न बोलता त्र्यंबकच्या दिशेला बघायची. आणि तिचं ते बघणं घरातल्या प्रत्येकाला कळायचं.

कॉलेज रोडवर एक छोटं टूर्सचं ऑफिस होतं, तिथं मी चिकटले. आधी पत्रं टाइप केली, मग यात्रांच्या बसबरोबर जायला लागले, मग पासपोर्ट निघाला. द्राक्षांचे दिवस चांगले होते. पिंपळगाव-ओझरची माणसं, नाशिक रोडचे रिटायर झालेले नोकरदार, सगळ्यांना युरोप बघायचं होतं, आणि सोबत आपलं बोलणारं, आपल्या चवीचं जेवण शोधून देणारं माणूस हवं होतं. ते माणूस मी झाले. माईक हातात घेऊन पहिल्यांदा बसमध्ये उभी राहिले तेव्हा सगळं पाठ केलेलं बोलले. नंतर पाठ करावं लागलं नाही. मात्र दर चौकात मागं वळून माणसं मोजायची सवय लागली ती लागलीच. आजही भाजी घ्यायला चार जणी निघालो तर मी रस्ता ओलांडून मागं बघते.

ऑफिसात काही वर्षं काढली की घरचं एक माणूस टूरवर नेता यायचं. माझी पाळी आली ती नेमकी श्रावणात. मी आईचं नाव दिलं. घरात दोन दिवस वाद झाला. मग भाऊ म्हणाला, "जाऊ दे तिला. विमान काय पुन्हा पुन्हा येतं? फुलांचं मी बघतो." फेरीसाठी घरानं तिला कधी एक दिवस दिला नव्हता. विमानासाठी दहा दिवस दिले. तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं असणार.

ती निघाली, पण उमेद नव्हती चेहऱ्यावर. "सरावनात?" एवढंच दोनदा म्हणाली.

त्या टूरमधली आई मला अजून तुकड्यातुकड्यानं दिसते. नऊवारी, पायात साध्या चपला, वर माझा एक जुना स्वेटर. लोकांदेखत ती मला 'संगे' म्हणायची नाही, पोरीचा मान जाईल म्हणून. 'मॅडम' म्हणायला जीभ वळेना. मग 'अहो बाई' म्हणायची. "अहो बाई, पानी कुठं मिळंल?" गटात खसखस पिकायची.

गटात पगारे काका होते. नाशिक रोडला नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये नोकरी करून रिटायर झालेले, आयुष्यभर भोंग्यावर चाललेला माणूस. सकाळी ठरल्या वेळेच्या आधी बसच्या दारात उभे, हातात घड्याळ. कुणी उशिरा आलं की म्हणायचे, "या, या. गेट बंद करायचं राहिलंय तुमच्यासाठी." पगारे काकू त्यांच्या पाठीमागून हातानंच माफी मागायच्या.

व्हिएन्ना हा शेवटचा मुक्काम. राजाच्या उन्हाळी महालाची पिवळीधमक इमारत, तिच्यामागं डोळे पोचणार नाहीत एवढी बाग. सगळे फोटो काढत होते. आई एका वाफ्यासमोर थबकली. झेंडू होता. आमचाच झेंडू, बुटका, रांगेत पट्टीनं आखल्यासारखा.

"हा खुडत्यात कधी?"

"खुडत नाहीत आई. नुसता बघायला असतो."

"आन् सुकल्यावर?"

"उपटून टाकतात."

ती पुढं निघाली. मग चालता चालता तिचा हात आपसूक खाली गेला आणि कडेचं एक वाळकं बोंड तिनं अंगठ्यानं टचकन मोडलं, रोज मोडते तसं. लगेच शिट्टी. रखवालदार धावत आला. मी मधे पडले, हात जोडले, इंग्रजीत, जर्मनचे चार शब्द घालून, माफी मागितली. पगारे काका मागून म्हणाले, "मॅडम, मातोश्रींना पदरात हात बांधून चालायला सांगा. नाहीतर सगळ्यांना आत टाकतील."

आई माझ्या कानाशी पुटपुटली, "वाळलेलं व्हतं गं. वाळलेलं ठिवलं की झाड रुसतं."

जत्रेतल्या पाळण्यासारखा पण चाळीच्या खोल्यांएवढ्या डब्यांचा तो मोठा चक्री पाळणा बघून ती म्हणाली, "एवढा पाळना, आन् वरडत कुनीच नाय." कालव्यापाशी विचारलं, "ही यांची गंगा का?" नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी सांगितलं, यांची नदी पलीकडे आहे, डॅन्यूब, हा तिचा फाटा. "म्हंजे पाट," ती म्हणाली आणि तिचं समाधान झालं.

रविवारी आम्ही बसनं गावाभोवतीच्या मोठ्या गोल रस्त्यावरून फिरलो. मी माईकवर सांगत होते: पूर्वी या शहराला कोट होता, तो पाडून त्या जागेवर हा रस्ता केला, आता उजवीकडे ऑपेरा, पुढं राजवाडा, मग समोरासमोर दोन संग्रहालयं, मग संसद. माणसं या खिडकीतून त्या खिडकीत डोकावत होती. आई मात्र रस्त्याच्या वळणाकडे बघत होती.

"अहो बाई," ती मधेच म्हणाली, "हा तर फेरीचा रस्ता हाय की. मधे कोन हाय?"

"मधे मोठं चर्च आहे. उद्या बघायचंय."

"देऊळच ना?"

"हो. त्यांचं देऊळ."

तिनं पुन्हा मान रस्त्याकडे वळवली. मी पुढं टाऊन हॉलचं सांगायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावरून नाहून बसली होती. नाश्त्याला काही घेतलं नाही. "भूक नाय," म्हणाली. आणि, "आज वार कंचा?"

"सोमवार," मी म्हटलं. माझ्या मांडीवर सगळ्यांचे पासपोर्ट होते. त्या दिवशी हॉटेल सोडायचं, चर्च बघायचं आणि तिथून थेट विमानतळ गाठायचा, असा बेत होता. आईच्या पर्समध्ये मी हॉटेलचं कार्ड ठेवलं होतं, हरवली तर दाखवायला. ते हॉटेल आम्ही सोडलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं ते नंतर.

ते चर्च डोळ्यांत मावत नाही. अंगभर काळवंडलेला दगड, वर नक्षीची टोकं, एक मनोरा एवढा उंच की टोपी पडावी. छप्पर मात्र रंगीत कौलांचं, चटईच्या विणीसारखं. आत अंधार, आणि अंधारात शेकडो मेणबत्त्या. मी खांबाशी उभी राहून माहिती दिली. मग सगळ्यांना घेऊन गर्दीतून, दोन गल्ल्या ओलांडून, कालव्याकाठी उभ्या असलेल्या बसपाशी आले. दारात माणसं मोजली. पुन्हा मोजली.

पगारे काका म्हणाले, "मॅडम, तुमच्याच घरचं माणूस कमी आहे."

ड्रायव्हरनं घड्याळावर बोट आपटून दाखवलं. अर्धा तास. त्यानंतर तिथं बस उभी करायची परवानगी नव्हती, आणि त्यानंतर निघालो तर विमानही मिळणार नव्हतं. बसमध्ये कुणाचा नातू दुसऱ्या दिवशी शाळेत जायचा होता, कुणाची दुकानं उघडायची होती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. एक मिनिटापूर्वी ती सगळी माझी माणसं होती. आता मला त्यांतलं एकच हवं होतं, नेमकं नसलेलं.

"मी येतो," पगारे काका उतरले. "तुम्हाला आता वेळेचं भान राहणार नाही." काकूही आल्या.

धावत चर्चच्या मोठ्या दाराशी आलो आणि पायरीच्या कडेला मला आईच्या चपला दिसल्या. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. देवळाबाहेर काढतात तशा. माझा जीव भांड्यात पडला. चपला बाहेर म्हणजे माणूस आत. एवढा साधा हिशोब. कुणी फेकून देईल म्हणून मी त्या हातात घेतल्या आणि आम्ही आत शिरलो.

आत ती नव्हती. आम्ही खांबांमागं बघितलं, बाकांच्या रांगा बघितल्या, काकूंनी "अहो आई, अहो आई" अशा दबक्या हाका मारल्या. प्रार्थनेला बसलेल्या एका बाईंनी वळून ओठांवर बोट ठेवलं. मेणबत्त्यांच्या उजेडात प्रत्येक डोकं पदर घेतल्यासारखं दिसायचं आणि जवळ गेलं की ती टोपी असायची, शाल असायची. पुढं एका बाजूला आणखी एक दार उघडं होतं. ते दिसलं आणि मी चपला घट्ट धरल्या. या दारानं ती बाहेर पडली असेल तर बाहेर अख्खं शहर होतं, ज्यात तिला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

बाहेर आलो. चौकात हीऽऽ गर्दी. जुन्या काळच्या पांढऱ्या केसांचे टोप घालून मैफिलींची तिकिटं विकणारी पोरं, आइस्क्रीमवाले, जपानी माणसांचा गट, त्यांच्या पुढं छत्री उंच धरलेली माझ्यासारखीच एक बाई. आम्ही तिघं चर्चच्या भिंतीकडेनं निघालो. थांबून थांबून विचारत. खांद्यावरून हात फिरवून साडी दाखवायची, कपाळावर कुंकू दाखवायचं. घोडागाडीवाल्यांच्या रांगेतल्या एकानं पुढं बोट केलं. पुढच्या कोपऱ्यावर दुकानातल्या मुलीनं पुढं बोट केलं. मागच्या बाजूला बाकावर बसलेल्या आजोबांनीही पुढंच. आत्ताच गेली, अशी खूण. आम्ही पुढं. पुढं कोणी नाही. अख्खा वळसा घालून पुन्हा मोठ्या दाराशी आलो, दारासमोरची गर्दी चाळली, पुन्हा निघालो.

पगारे काका वेळ सांगत होते. ओरडून नाही, हळू आवाजात, आणि त्यानं मला जास्त भीती वाटत होती. माझ्या मनात वेड्यासारखं यायला लागलं, की फेरी राहिलीय. मीच, पेपर मी लिहिले म्हणणारी मी, आईसारखी मनात म्हणत होते, फेरी राहिलीय ना.

दुसऱ्यांदा घोडागाड्यांपाशी आलो. लिदीचा वास, तोबऱ्यातल्या चाऱ्याचा वास. तो मघाचाच गाडीवान, डोक्यावर काळी गोल टोपी, मला बघून हसला. त्यानं तीन बोटं वर केली. मग एक बोट हवेत गोल फिरवलं. चर्चभोवती. पुन्हा तीन बोटं.

मी तिथंच उभी राहिले. सोमवार. डोक्यावरून नाहणं. उपास. अनवाणी पाय. मधे कोन हाय.

"काका," मी म्हटलं, "आई हरवली नाही. आई फेरी घालतेय."

आम्ही तिघंही नाशिकची माणसं. कुणी न सांगता, चर्चच्या दारातून बाहेर पडल्यावर तिघंही त्याच बाजूनं वळलो होतो, चर्च उजव्या हाताला ठेवून. आईही तशीच चालत होती. आम्ही विचारायला थांबायचो, ती थांबत नव्हती. डोक्यावर फुलांची पाटी घेऊन जन्म गेलेली बाई, तिची चाल आम्हाला कुठून गाठता येणार? आम्ही आईच्या मागं प्रदक्षिणा घालत होतो आणि तिला शोधतोय असं समजत होतो.

मी तिथल्या तिथं मागं वळले.

"संगीता!" काकूंनी माझा हात धरला. "उलटी? अगं, उलटी नाही घालत कुणी."

पाय खरंच अडले. हसू येईल कुणाला, पण अडले. पिंपळ असो, मारुती असो, अंगणातली तुळस असो, देव उजव्या हाताला हे पायांना शिकवावं लागलेलं नसतं. पण आम्ही त्र्यंबकच्या मुलखातली. शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जातं ती ओलांडायची नाही, तिथून परत फिरायचं.

"काकू, महादेवाला आपण उलटं फिरतोच की," मी म्हटलं आणि पळत सुटले.

माणसं अंगावर यायला लागली. सगळी गर्दी जणू माझ्या विरुद्ध चालली होती. दारासमोरून, दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडेनं, मनोऱ्याच्या बुडाशी. आणि चर्चच्या मागच्या अंगाला, जिथं सावली होती आणि गर्दी विरळ, समोरून माझी आई आली. डोक्यावर पदर, छातीशी जोडलेले हात, ओठ हलतायत, अनवाणी. न थांबता, न बघता, सीबीएसवरून घरी निघाल्यासारखी.

मला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय गं संगे, उलटी कुठं आलीस? फीर, सरळ फीर."

मी सरळ फिरले. मी नुसत्या चपला वर केल्या.

"अगं बया, तू घेतल्या व्हय? मी म्हनलं चोरीला गेल्या. लय बरं वाटलं. म्हनलं, गेली पीडा."

आमच्याकडे देवळातून चपला चोरीला गेल्या तर त्यांच्याबरोबर साडेसाती गेली असं मानतात. ती तेवढ्यावर खूश होऊन पुढं चालली होती.

"आई, विमान आहे. बस सुटतेय. सगळे खोळंबलेत."

"ठावं हाय." ती पहिल्यांदा थांबली. "तिकडं डोंगर मोठा म्हनून एक. हितं देऊळ ल्हान, म्हनून पाच बोलले. ही चौथी चालू हाय." मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "तू म्हनशील तर चालते."

म्हणशील तर चालते. ती आयुष्यभर चालली होती. लग्नाच्या मांडवातून, माहेरातून, भरल्या ताटावरून, कुणी चल म्हटलं की पदर खोचून चालली होती. मी चल म्हटलं असतं तर आलीच असती. आणि मग पुढच्या प्रत्येक गारपिटीला त्र्यंबकच्या दिशेनं बघत बसली असती. मी तिच्या पायांकडे बघत राहिले. तळव्यांना दगडाची धूळ लागली होती.

पगारे काका धापा टाकत येऊन पोचले. आईकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"किती राहिल्या?"

"ही थोडी. आन् येक," आई म्हणाली.

काकांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. मला वाटलं आता गेट बंद. ते म्हणाले, "झपझप घ्या. मी ड्रायव्हरला धरून ठेवतो. अर्धवट सोडून आलात तर घरी गेल्यावर ही मला जेवायला घालायची नाही." आणि काकूंना घेऊन ते बसच्या दिशेनं गेले, चक्क पळत.

मी बूट काढले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. एका हातात माझे बूट, एका हातात तिच्या चपला, आणि मी आईच्या मागून चालायला लागले, चर्च उजव्या हाताला ठेवून. वर मोठी घंटा वाजायला लागली. तिचा आवाज दगडांतून तळपायाला लागत होता. मला आठवतं ते असं: उन्हातला दगड गरम, सावलीतला गार. भिंतीवरची तोंड वासलेली दगडी जनावरं. गाडीवानानं टोपी काढून आईला केलेला नमस्कार. त्या शहरात मी त्याआधी आणि त्यानंतर कितीदा तरी गेले, महाल दाखवले, चित्रं दाखवली, पण ते शहर मी बघितलं ते त्या दीड फेरीत. एरवी आम्ही वर बघत हिंडायचो, आणि वर बघून मान दुखते, एवढंच. ज्याच्याभोवती फिरलो ते मात्र पायांत राहतं.

पाचवी पुरी झाल्यावर तिनं मोठ्या दाराच्या पायरीला हात लावला, तो डोक्याला लावला. मी मनात मिनिटं मोजत होते. ती घाईत नव्हती. चपला माझ्या हातातून घेतल्या, पायात घातल्या, नऊवारीचा काष्टा आवळला आणि म्हणाली, "चल आता. पळ."

आणि आम्ही दोघी व्हिएन्नाच्या त्या जुन्या गल्ल्यांमधून पळालो. मी तोवर आईला पळताना पाहिलं नव्हतं. तिकिटं विकणाऱ्या टोपवाल्या पोरांनी आम्हाला वाट दिली. कालव्याकाठी बसचं इंजिन चालू होतं, ड्रायव्हर हातवारे करत काहीतरी ओरडत होता. बसचं दार लागत नव्हतं, कारण दारात पगारे काका उभे होते, एक पाय पायरीवर आणि एक पाय जमिनीवर.

"गेट बंद करा आता," आम्ही चढल्यावर ते म्हणाले.

विमान मिळालं. बसमध्ये कुणीतरी कुरकुरलं, कुणीतरी आईला बिस्किटं दिली. तिनं घेतली नाहीत, उपास होता. विमान वर चढलं तसं तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतकी गाढ झोपली की खाली शहर केव्हा दिसेनासं झालं तेही तिला कळलं नाही.

आज आईचे गुडघे बोलतात. वावर केव्हाच बिल्डिंगांखाली गेलं, पण बेलाचं झाड राहिलंय. तिसऱ्या सोमवारी ती ओट्यावर बसून पुड्या बांधते आणि फेरीला जाणाऱ्या शेजारच्या मुलींना देते. "जाऊन या," म्हणते. नमस्कार सांगायला सांगत नाही. मघाशी एका नव्या सुनेनं तिला विचारलं, "आजी, तुम्ही कधी केली होती का हो फेरी?"

"केली ना," आई म्हणाली. "संगीसंगं. जरा लांब पडली."

आमच्या घरात पंधरावी झालेली मी पहिली. आणि त्या पंधरावीची फेरी माझ्या आईनं पुरी केली, पाचच्या पाच.